थोरलीचं खातं

मुलांसाठी काढलेला सिनेमा बापाने फार लक्ष देऊन पाहू नये. त्याने तिकिटं काढावीत, मध्यंतरात रांगेत उभं राहावं, मक्याच्या लाह्यांना केशराचा भाव कधीपासून आला यावर शेजारच्या बापाशी चर्चा करावी आणि दिवे गेले की डोळे मिटून घ्यावेत. हा शिष्टसंमत मार्ग सोडून मी सिनेमा पाहतो, कारण मला एक धंदेवाईक व्याधी आहे. वीसएक वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली की समोर काहीही आलं तरी माणूस आधी त्याची जमा बाजू आणि नावे बाजू जुळते का ते पाहतो. बायको म्हणते, "तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा टॅली करून वाचता." त्यात खोटं काही नाही. मुलाकडच्या आजोबांच्या नावामागे 'कै.' आणि खाली निमंत्रकांतही तेच आजोबा, अशी एक पत्रिका मी पकडलेली आहे.

तर २०१९ च्या नोव्हेंबरात 'फ्रोझन टू' नावाचा कार्टूनपट आपल्याकडे आला आणि माझ्या दोन मुलींनी मला त्याला नेलं. पहिला 'फ्रोझन' २०१३ चा. तो आमच्या घरात इतक्या वेळा लागला होता की त्यातली बर्फाची राणी रेशनकार्डावर चढवायची तेवढी बाकी होती. एल्सा थोरली, आना धाकटी. थोरलीच्या हातात बर्फ करण्याची जादू. लहानपणी खेळता खेळता ती जादू धाकटीला लागते, म्हणून आईबाप दोघींच्या मधलं दार बंद करून टाकतात. दाराबाहेर बसलेल्या धाकटीला वाटतं, आपल्याला टाकलं. दारामागे बसलेल्या थोरलीलाही तेच वाटतं. एकच दार आणि दोन्ही बाजूंना वगळलेल्या मुली, ही कल्पना मला फार पटली होती. आमच्या घरी असं एक दार आहे, फक्त ते बाथरूमचं आहे.

दुसऱ्या भागाकडून माझ्या अपेक्षा म्हणूनच मोठ्या होत्या. त्यात या बहिणींना एक जुनं जंगल सापडतं. त्यावर चौतीस वर्षं धुकं बसलेलं. जंगलात राहणाऱ्या लोकांना या मुलींच्या आजोबाने, म्हणजे जुन्या राजाने, भेट म्हणून एक धरण बांधून दिलेलं असतं. भेट कसली, डाव होता : धरणाने त्यांची जमीन दुबळी व्हावी, हे लोक हाताखाली यावेत. पुढे थोरली सत्य शोधायला एकटीच निघते आणि धाकटीला एका बर्फाच्या होडीत बसवून परस्पर लांब ढकलून देते. शेवटी धाकटीला आजोबांचं पाप कळतं आणि ती डोंगराएवढ्या दगडी राक्षसांना भडकवून ते धरण फोडते.

इथवर मी खुर्चीच्या टोकाला आलो होतो. कारण माझी शाखा आहे मुळशी तालुक्यात. रोज ज्या रस्त्याने मी कामाला जातो तो रस्ता पुढे एका अशाच धरणाकडे जातो, आणि तेही कुणाच्या तरी आजोबांच्या काळातलं आहे. हॉलिवूडला आमच्या तालुक्याची आठवण झाली, असं क्षणभर वाटून गेलं.

मग धरण फुटलं. पाण्याचा लोंढा खाली राजधानीवर निघाला. आणि थोरली पाण्याच्या घोड्यावर बसून आली, हात वर केला, बर्फाची भिंत उभी केली, लोंढा निवला. एक भांडं वाहून गेलं नाही. राजवाड्याची एक कौलसुद्धा हलली नाही. थिएटरमध्ये टाळ्या पडल्या. मी मात्र खाली बसलो, म्हणजे बसलेलाच होतो, पण मनाने खाली बसलो.

पुण्याच्या माणसाला धरण फुटण्याची गोष्ट अशी सांगून चालत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पाण्याने पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आठवणीत पूर म्हणजे पाणी नाही, चिखल. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी पाटावरवंट्याच्या जागी कुणाचा तरी हार्मोनियम सापडला होता आणि पाटावरवंटा अजून सापडायचा आहे. आमच्याकडे त्यानंतर कितीही पाटेवरवंटे आले तरी आई म्हणायची, "आपला नाही हा." बर्फाची भिंत उभी करायला त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. ज्या घरात पूर असा राहतो, त्या घरच्या माणसाला कार्टूनातला कोरडा पूर पचत नाही.

माझी ही निराशा मी घरी येऊन इतिहासाच्या पुस्तकांनी भरून काढायचं ठरवलं. वाणिज्य शाखेचा पदवीधर इतिहासाकडे वळला की तो फार चिकाटीने वळतो, कारण त्याला परीक्षा द्यायची नसते.

पहिली गोष्ट कळली ती ही की मूळ कथेत बहिणी नाहीतच. हान्स अँडरसन या डॅनिश कथाकाराने १८४४ साली 'हिमराणी'ची गोष्ट लिहिली, तिच्यात गेर्डा आणि काय अशी दोन शेजारची मुलं आहेत, आणि राणी आहे ती परकी आणि थंड. डिस्नेच्या लोकांना ही गोष्ट १९४० च्या दशकापासून पडद्यावर आणायची होती. साठसत्तर वर्षं ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. आमच्याकडे कर्जप्रकरण इतकं रेंगाळलं तर त्याला 'तांत्रिक अडचण' म्हणतात, त्यांच्याकडे 'सर्जनशील अडचण' म्हणत असावेत. अडचण ही की राणी दुष्ट दाखवायची, पण ती दुष्ट का, हे कुणाला जमेना. शेवटी कुणाला तरी सुचलं, या दोघींना बहिणी करा. झालं, दुष्ट राणीची एका रात्रीत दुखावलेली ताई झाली. माझं स्वतःचं निरीक्षण असं की बाहेरून दुष्ट दिसणाऱ्या बायकांत दुखावलेल्या ताया बऱ्याच असतात. आमच्या हेड ऑफिसात एक आहेत. असो.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त मोलाची. ते जंगलातले लोक नुसते कल्पनेतले नाहीत. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला रेनडियर पाळणारे सामी लोक राहतात, त्यांच्यावरून ते घेतलेले. नॉर्वे सरकारने त्यांच्या मुलखातल्या आल्टा नदीवर धरण काढलं तेव्हा १९७९ साली सामी लोकांनी ऑस्लोला संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. १९८१ च्या जानेवारीत बर्फात साखळ्यांनी एकमेकांना बांधून बसलेल्या सत्याग्रहींना पोलिसांनी उचललं. धरण झालंच. १९८७ साली वीज सुरू झाली. पण त्या आंदोलनानंतर सरकारला सामींचं ऐकून घ्यावं लागलं आणि १९८९ साली त्यांची स्वतःची संसद उघडली. पुढे सिनेमावाल्यांनीही शहाणपणा केला. दुसऱ्या भागासाठी त्यांनी सामी लोकांच्या प्रतिनिधींशी लेखी करार केला, त्यांचा सल्ला घेतला आणि सिनेमा त्यांच्या उत्तर सामी भाषेत काढला. ती भाषा बोलणारे लोक काही हजार, म्हणजे कोथरूडच्या एका कोपऱ्यात मावतील एवढे.

आपल्याकडे हा सिनेमा हिंदीत आला. हिंदीत एल्साला आवाज प्रियांका चोप्राचा आणि आनाला परिणीती चोप्राचा, म्हणजे बहिणींना बहिणींचेच आवाज, चुलत का असेनात. मराठीत मात्र आला नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण आठ कोटींवर लोक ही भाषा बोलतो. वगळलं जाणं म्हणजे काय, हा विषय सिनेमाने पडद्यावर कमी आणि तिकीटखिडकीवर जास्त परिणामकारकपणे मांडला, असं मी तेव्हा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या पोरींना हिंदीच जास्त कळतं." इतिहासकाराने घरातल्या साक्षीपुराव्याकडे दुर्लक्ष करायला शिकलं पाहिजे.

पण खरं वगळणं यापुढचं आहे. आल्टाच्या अठ्ठावन्न वर्षं आधी, त्या सामी लोकांना उपोषण सुचण्याच्या कितीतरी आधी, हेच सगळं मुळशीत झालेलं आहे. आणि त्यासाठी आमच्याशी कुणी करार केला नाही.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी सह्याद्रीचा उतार हेरला. इकडे घाटमाथ्यावर पाऊस धो धो, पलीकडे कोकणात सरळ कडा. माथ्यावर पाणी अडवायचं आणि कड्यावरून नळातून खाली सोडायचं की चाकं फिरतात. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांवरचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली चालू झालं. १९२२ साली भिवपुरीचं. तिसरी पाळी मुळशीची. मुळा नदीवर धरण, आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला वीजघर. वाटेत पन्नासेक गावं होती. ती गावं तिथं का होती, तर मुळा तिथं होती म्हणून. तिच्या काठी भाताची खाचरं होती, आंबेमोहोर शिजला की दुसऱ्या आळीला कळत असे, अशी ती जमीन.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. पुण्याचे पुढारी बरोबर होते, बायका होत्या. काम काही महिने थांबवायचं कबूल झालं, मग पुन्हा सुरू झालं, मग पुन्हा सत्याग्रह, तुरुंग, असं १९२४ पर्यंत चाललं. पांडुरंग महादेव बापट हे पारनेरचे गृहस्थ, एडिंबरोला शिकलेले, पॅरिसला बाँबची कृती शिकून आलेले. मुळशीत आले आणि लोकांनी त्यांना सेनापती केलं. ही पदवी कुठल्या सरकारने दिलेली नाही, त्यामुळे कुणाला काढूनही घेता आली नाही. शेवटी त्यांनी धरणाच्या कामाकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर दगड रचले, गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. सिनेमात दगडी राक्षसांना जे काम दिलंय ते आमच्याकडे चव्वेचाळीस वर्षांच्या एका माणसाने हाताने केलं. धरण मात्र फुटलं नाही. १९२७ साली भिऱ्याला वीज सुरू झाली, मुंबईत चाती फिरू लागली आणि खाचरांवर पाणी चढलं.

यात माझ्यासारख्या कारकुनाला सतावणारी बाब वेगळीच आहे. जमिनीचा मोबदला द्यायचा म्हणजे कुणाला? कागदावर ज्याचं नाव त्याला. आणि पुष्कळ जमिनींच्या कागदांवर नाव होतं पुण्याच्या सावकाराचं. नांगर धरणारा कूळ. सावकारांनी सुरुवातीला सत्याग्रहाला पाठिंबा दिला, पण मोबदल्याचा आकडा मनासारखा दिसायला लागला तसे ते एकेक करून घरी गेले. ज्याची जमीन बुडाली त्याचं खातंच नव्हतं, मग जमा कुठे करणार? मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या काउंटरवरचा रोजचा संवाद आठवला. "आजोबा, खात्यावर नाव कुणाचं आहे?" "नाव भावाचं हाय, पर कष्ट माझं हाय." कष्टाचं रकान्यात काही येत नाही हो. फॉर्मला तसा रकानाच नाही.

आता बहिणींकडे येतो, कारण त्यांच्यासाठी तर हा सगळा खटाटोप. पुण्यात संगमावर दोन नद्या मिळतात, मुळा आणि मुठा. तिथून पुढे तिचं नाव मुळा-मुठा, हे शाळेत पाठ करून घेतात. पण या दोघींचं माहेर एकच, मुळशी तालुका, हे पुण्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. डोंगराच्या एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला मुठा. जोडनावात मुळा आधी येते म्हणून मी तिला थोरली समजतो. भूगोलवाल्यांची हरकत असेल तर त्यांनी शाखेत येऊन अर्ज द्यावा.

धाकटी मुठा पुण्याच्या घरात गेली. तिच्यावर खडकवासल्याला धरण झालं १८७९ साली, ते पुण्याला पाणी पाजण्यासाठी. म्हणजे धाकटीचं पाणी अडवलं, पण घरातच राहिलं. तिच्या काठी ओंकारेश्वर, तिच्यावर लकडी पूल, तिच्यावर कविता, तिच्यावर मोर्चे, तिच्या घाणीवर दर वर्षी नवी योजना. राग असो, लोभ असो, ती चर्चेत आहे. आणि थोरली? थोरलीचं मुळशीत अडलेलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, भिऱ्याला चाकं फिरवून ते कुंडलिकेत पडतं आणि रोह्यावरून अरबी समुद्राला मिळतं. सकाळी भिऱ्याहून सोडलेल्या त्याच पाण्यावर कोलाडला हौशी मंडळी पैसे भरून रबरी होड्या चालवतात. मुठा पुढे भीमेला, भीमा कृष्णेला, म्हणजे बंगालच्या उपसागराला. एका माहेरच्या दोघी. धाकटी पूर्वेला गेली, थोरलीचं माथ्यावरचं पाणी पश्चिमेला. तरी उरलीसुरली मुळा पौड, वाकड, औंध करत, वाटेत पवनेला बरोबर घेत संगमावर येते आणि नावात आपली जागा धरून बसते. थोरल्यांचं हे असंच असतं.

यावर कुणी म्हणेल की नदीला काय वाटतंय! सिनेमातही एक हिममानव सारखं सांगत असतो की पाण्याला आठवण असते. हे एक वाक्य मला त्या अख्ख्या सिनेमात बावनकशी वाटलं. त्यांनी त्याचा उपयोग जादूसाठी केला. मुळशीच्या पाण्याजवळ आठवणीखेरीज काही नाहीच. त्या पाण्याला काठावरचे लोक अजून 'बुडीत' म्हणतात, आणि पुण्यातून येणारे 'लेक व्ह्यू' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच कर्जअर्जात मी वाचलेले आहेत. तारणाच्या वर्णनात 'लेक व्ह्यू' आणि आजोबांच्या मूळ गावापुढे 'बुडीत'.

सिनेमाच्या शेवटावर माझ्या थोरलीचा एक प्रश्न होता. शेवट असा की थोरली एल्सा जंगलात राहायला जाते आणि धाकटी आना गादीवर बसते. शुक्रवारी संध्याकाळी खेळायला ये, उशीर करू नको, अशी चिठ्ठी धाकटी वाऱ्याबरोबर पाठवते आणि सगळे आनंदात. थोरली तेव्हा दहा वर्षांची होती. गाडीत ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाबा, तिला घरी का नाही ठेवलं?" मी म्हटलं, "तिला जंगलच आवडतं ना." त्यावर ती म्हणाली, "असं धाकटीनं ठरवलं की तिनं?" मागच्या सीटवर धाकटी झोपलेली होती, डोकं थोरलीच्याच मांडीवर. या प्रश्नाला सिनेमात उत्तर नाही. मी खिडकी खाली केली आणि टोलचे सुटे पैसे शोधायला लागलो.

उत्तर नसलं तरी हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. समुद्रमंथनात लक्ष्मी वर आली हे सर्वांना ठाऊक. पण पद्मपुराणात सांगितलंय की तिच्या आधी तिची थोरली बहीण आली, ज्येष्ठा. दिसायला उग्र, म्हणून तिला कुणी हात देईना. विष्णूने लक्ष्मीला मागणी घातली तर लक्ष्मी म्हणाली, थोरलीचं झाल्याशिवाय माझं नाही. मग ज्येष्ठेचं लग्न उद्दालक ऋषींशी लावून दिलं. आश्रमात अखंड वेदघोष आणि होमहवन. ते तिला मानवेना. जिथे भांडणं चालतात, पाहुण्याला हाकलतात, तिथे मला बरं वाटतं, असं ती म्हणाली. निदान प्रामाणिकपणे म्हणाली. ऋषी म्हणाले, तू या पिंपळाखाली बस, मी तुझ्यासाठी जागा पाहून येतो. ते जे गेले ते परत आलेच नाहीत. ती तिथं बसून रडू लागली. ते रडणं वैकुंठात ऐकू गेलं ते फक्त धाकटीला. तिने नवऱ्याला घेऊन धाव घेतली. शेवटी ठरलं असं की थोरलीने पिंपळाशी राहायचं आणि लक्ष्मीने दर शनिवारी तिला भेटायला यायचं.

म्हणजे थोरली झाडाखाली, धाकटी सिंहासनावर आणि आठवड्यातून एक भेट. सिनेमावाल्यांनी शनिवारचा शुक्रवार केला, एवढाच फरक. शनिवारी लक्ष्मी पिंपळाशी असते हे आमच्या बँकांनाही फार उशिरा कळलं. २०१५ पासून निदान दुसरा आणि चौथा शनिवार आम्ही तिला मोकळा ठेवला आहे.

पुढे दक्षिणेत या ज्येष्ठेच्या मूर्ती झाल्या. कावळ्याचं निशाण, हाती केरसुणी, जवळ गाढव. कांचीपुरमच्या कैलासनाथाच्या देवळात आठव्या शतकातली ती आहे. मग हळूहळू तिची पूजा मागे पडली आणि ती 'अक्काबाई' होऊन फक्त शिव्यांमध्ये उरली. पण आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात त्या दोन. पंचांगवाले सांगतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन म्हणून ज्येष्ठागौरी. घरातल्या बायका सांगतात, एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा, दोघी बहिणी माहेरी आल्या आहेत. मी या बाबतीत पंचांगाचं ऐकत नाही, कारण पुरणपोळी पंचांग करत नाही. अनुराधा नक्षत्रावर दोघी येतात, पहिल्या दिवशी भाजीभाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर पाठवणी. आमच्या आईचा नियम होता, दोघींची साडी एकाच किमतीची, एका दुकानातली. रंग वेगळा चालेल, किंमत वेगळी चालणार नाही. दुकानदाराने एकीवर सूट दिली तर ती दुसरीवरही द्यायला लावायची, नाहीतर दोन्हींवर नको म्हणायची. पुराणातल्या ऋषींना जे जमलं नाही ते आई दर भाद्रपदात लक्ष्मी रोडवर करत होती.

आणि केवळ समान साडीवर आपले पूर्वज थांबले नाहीत. वगळलेल्या बहिणीने करायचं काय, याचाही त्यांनी विचार केलेला आहे. श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी घ्या. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो आणि गरीब बहिणीला बोलावत नाही. बिचारी मुलांना घेऊन आपणहून जाते, तर तो तिला पानावरून उठवून बाहेर काढतो. पुढे व्रताने तिला बरे दिवस येतात. लगेच भावाचं आमंत्रण. ती जाते. पाटावर बसते, अंगावरचे दागिने उतरवून मांडते, आणि एकेक घास उचलून दागिन्यांपुढे ठेवू लागते. लाडू एकीकडे, जिलबी दुसरीकडे. भाऊ विचारतो, ताई, हे काय? ती सांगते, ज्यांना बोलावलंस त्यांना जेवू घालते आहे, माझं जेवण त्या दिवशीच झालं. भाऊ पाय धरतो, आणि मग, त्यानंतर, ती जेवते.

दागिने जेवायला बसले आहेत, ठुशी लाडू खाते आहे, पाटल्यांना जिलबी वाढली जाते आहे. कार्टून काढायचंच तर यापेक्षा सुंदर प्रसंग डिस्नेच्या बापाला सुचणार नाही. पण गंमत तेवढ्यात नाही. गंमत क्रमात आहे. आधी हिशोब, मग माफी, मग जेवण. माझी 'फ्रोझन टू'वर हरकत आहे ती इथेच. त्यांनी सरळ जेवणापासून सुरुवात केली. आजोबाचं पाप उघड झालं, धरण फुटलं, पण त्याची किंमत ना राजधानीने दिली ना कुणी मागितली. जंगलातल्या लोकांनी चौतीस वर्षांचं काही बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मिठी मारून खातं बंद करता येत नाही हो. निदान आमच्या बँकेत येत नाही. त्यासाठी बाकी मांडावी लागते, दोघांनी पाहावी लागते आणि दोघांनी सही करावी लागते.

मुळशीचं खातं असंच उघडं पडलं आहे. दहा वर्षं व्यवहार झाला नाही तर खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण मालक किंवा त्याचा वारस कधीही आला तरी ती परत द्यावी लागते, असा नियम आहे. मी तो नियम अनेकांना समजावून सांगितला आहे. शंभर वर्षं झालेल्यांना काय सांगायचं, ते परिपत्रकात नाही.

आमच्या शाखेतले शिपाईमामा तलावाच्या वरच्या अंगाचे. गेल्या भाद्रपदात, गौरींच्या रजेवरून ते आले तेव्हा मी सहज विचारलं, "मामा, तुमच्याकडे गौर कुठे बोळवता?" ते म्हणाले, "तलावात. दुसरं पाणी कुठाय? पूर्वी नदीत जायची. नदी आता खाली हाय." मग चहाचे पेले गोळा करता करता म्हणाले, "आमची म्हातारी असेपर्यंत गौर पाण्यात सोडताना तिच्या कानात सांगायची, खाली चाललीस तर आपलं घर तेवढं बघून ये म्हणून."

त्या दिवशी माझी कॅश जुळायला साडेसात वाजले.